कॅरिअरवर दादा

माझी नात जिथे शिकते त्या शहरात वर्षातले कितीतरी महिने बर्फ असतं. तिथे ती सायकलने कॉलेजात जाते आणि पोचली की स्टँडला सायकल लावता लावता मला फोन करते. पडद्यावर तिचं तोंड दिसतच नाही. दिसतात नुसते डोळे, कानावर ओढलेली टोपी आणि नाकावर चढवलेला कसलासा पट्टा. मागे सगळं पांढरंफटक. "आजी, आज पापण्या चिकटत होत्या माझ्या," असं ती कौतुकाने सांगते. मग अंगात एकावर एक काय काय घातलंय त्याची उजळणी होते. आतला थर लोकरीचा, मधला उबेचा, वरचा वाऱ्याचा. "थंडीतल्या सायकलिंगचं सगळं सायन्स लेअर्समध्ये आहे गं आजी. तुला नाही कळायचं, पुण्यात कुठे थंडी असते." मी 'हो का' म्हणते. शिकलेल्या मुलांना मध्येच अडवू नये. पण फोन ठेवला की मला उगीचच राग येतो, तिचा नव्हे, थंडीचा. पुण्याच्या थंडीला हसणाऱ्यांनी हडपसरहून खडकीपर्यंत पहाटेची सायकल मारून बघावी. आता नाही, आता दोन्ही बाजूंना इमारती उभ्या आहेत, वारा अंगावर यायला जागा नाही. तेव्हा मारून बघायला हवी होती.

तेव्हा हडपसर गावच होतं आणि आम्ही गावठाणात दोन खोल्यांत राहत होतो. जमिनी भावकीत वाटून वाटून आमच्या वाट्याला नावापुरतं शेत उरलेलं, त्यामुळे दादा, म्हणजे माझे वडील, खडकीच्या एका कारखान्यात जात. घरात आई, मी, माझी धाकटी बहीण आणि दादांचा दमा. दम्याला मी घरातलं माणूस म्हणते याचं नवल वाटू देऊ नका. दिवाळी सरली की तो यायचा, सगळ्यात उबदार जागा धरायचा आणि होळीपर्यंत हलायचा नाही. कोंबडा आरवायच्या आधी दादांचा खोकला सुरू व्हायचा. मग आई उठायची, बंबात ढलप्या घालायची, गवती चहा टाकून चहा उकळायची. तव्यावर ओवा गरम करून फडक्यात बांधायचा आणि त्या पुरचुंडीने त्यांची छाती शेकायची. बाजरीची भाकरी थापल्याचा आवाज, बंबातल्या लाकडांचा तडतडाट आणि मधून मधून तो खोकला, या आवाजांत माझी झोप मोडायची. शेजारच्या मांजरी गावाच्या बाजूला गुऱ्हाळं लागलेली असायची आणि पहाटेच्या जड हवेत रसाच्या पाकाचा, धुराचा वास गावभर पसरायचा. मला तो वास फार आवडायचा. दादांना त्यानेच धाप लागायची, हे मला बरंच उशिरा कळलं.

दादांना दवाखान्यात नेलं होतं, नाही असं नाही. पुण्याच्या पेठेतले एक नावाजलेले डॉक्टर आठवड्यातून काही वेळा आमच्या गावातल्या दवाखान्यात येऊन बसत. त्यांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, "पहाटेच्या थंडीत बाहेर पडायचं नाही."

"मग कामावर कवा जाऊ?" दादा म्हणाले.

"ऊन आल्यावर."

"आन तवर फाटक उघडं ठेवत्यात व्हय?"

"ते माझ्या विषयात येत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

दादा कारखान्यात टेंपरवारी होते. हा शब्द आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारला जाई की मला लहानपणी ते एखाद्या खात्याचं नाव वाटायचं. त्या हिवाळ्याच्या शेवटी काही माणसांना कायम करणार, अशी पक्की बातमी होती आणि दादांचं नाव त्यांत होतं. अट एकच, खाडा नको. एक दिवस न जाणं म्हणजे खाडा, आणि फाटक बंद झाल्यावर पोचणं म्हणजेही खाडाच. दुपारी उन्हं चढली की दादा अगदी धडधाकट असायचे, वजनं उचलायचे, कामात कुणाला हार जायचे नाहीत, त्यामुळे त्यांच्या छातीचं कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं. भानगड होती ती फक्त पहाटेची, घरापासून फाटकापर्यंतच्या रस्त्याची. पहिली बस धरली तरी भोंग्याच्या आत खडकी गाठता येत नसे. जायचं तर सायकलने, आणि निघायचं तर अंधारात.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे दादा भैरोबा नाल्याच्या चढावर सायकलसकट पडले. चढ चढताना श्वास पुरला नाही एवढंच. सायकल हातात धरून ते परत चालत घरी आले तेव्हा शाळेची मुलं रस्त्याला लागली होती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून शांतपणे सांगितलं, पुन्हा खाडा झाला तर नाव काढावं लागेल. साहेबांचंही काही चुकलं असं मी म्हणत नाही, बाहेर शंभर माणसं त्या जागेसाठी उभी होती. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर आई भांडी घासता घासता माझ्याकडे बघून म्हणाली, "शकी नेईल."

"कुठं?" दादांनी विचारलं.

"खडकीला. तुमी मागं बसा. ती चालवंल."

"येडी का खुळी तू? पोरगी मला डबलशीट नेणार?"

"मग कोण नेणार? मला चालवाया येत न्हाई," आई म्हणाली.

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. दादांच्याच सायकलच्या नळीखालून पाय घालून मी शिकले होते आणि आता सीटवर बसून पाय पुरत होते, जेमतेम. परकर साखळीत अडकतो म्हणून आईने दादांचा एक जुना लेंगा आखडून मला दिला. हातमोजे म्हणून फाटके पायमोजे. दादांचा साज मात्र मोठा असायचा. बनियनवर पुढून-मागून वर्तमानपत्राच्या घड्या, त्यावर स्वेटर, त्यावर खाकी कोट, गळ्यात मफलर, डोक्याला माकडटोपी. वाण्याच्या पुड्यांचे कागद आई जपून ठेवायची, वारा कागदातून जात नाही यावर तिचा फार विश्वास. नातीच्या थरांपेक्षा आमचे थर कमी नव्हते, फक्त आमच्यावर मजकूर छापलेला होता.

मागच्या कॅरिअरवर गोणपाट घडी करून टाकायचं, दादा दोन्हीकडे पाय सोडून बसायचे आणि मी निघायची. पहिलं वळण घेईपर्यंत सायकल अशी डुलायची की आपण आज दोघांनाही मारणार असं मला रोज वाटायचं. एकदा वेग आला की बरं. सोलापूर रस्त्यावर तेव्हा पहाटे सायकलीच सायकली असत. डायनॅमोचे लहान लहान दिवे, साखळ्यांचा आवाज, तोंडातून निघणारी वाफ, कुणी कुणाशी फारसं बोलत नसे. बोटं आधी दुखायची, मग दुखायची थांबायची, आणि ब्रेक दाबलाय की नाही ते डोळ्यांनी बघावं लागायचं. नाकातलं पाणी पुसायला हात सोडता येत नसे. रेसकोर्सची मोकळी जागा आली की वारा डाव्या बाजूने असा घुसायचा की डोळ्यांत आलेलं पाणी कानाकडे जायचं. मी रोज रडतच रेसकोर्स ओलांडत होते. त्यातलं वाऱ्याचं किती आणि माझं किती, ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

गावातलेच इब्राहिमचाचा आमच्याबरोबर असायचे. दादांचे लहानपणापासूनचे दोस्त, त्याच कारखान्यात, तसेच टेंपरवारी. आमचं गुपित बाहेरच्या एकाच माणसाला माहीत होतं आणि ते म्हणजे चाचा. नाल्याचा चढ आला की ते आपली सायकल माझ्या शेजारी आणायचे आणि एक हात माझ्या पाठीवर ठेवून रेटायचे. सायकलवाल्यांत ही रीतच होती, दमलेल्याला असा हात द्यायचा, त्याला आभार वगैरे मानायचे नसतात. चढ संपला की हात निघायचा. खडकीला फाटकाच्या बऱ्याच अलीकडे दादा उतरायचे, माकडटोपी काढून खिशात घालायचे, छाती पुढे काढून चालू लागायचे. मुलीच्या मागे बसून येणारा माणूस कायम कोण करील? मी भोंगा होईपर्यंत एका झाडाखाली थांबायची आणि मग एकटी परत फिरायची. परतताना ऊन यायचं, सायकल हलकी लागायची. मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. पण उद्या पुन्हा हेच, एवढंच डोक्यात असायचं. वर्गात मी पेंगायची आणि बाई म्हणायच्या, "शकुंतलाबाई, आपल्याला गादी आणून देऊ का?"

दादा काही बोलत नसत, बोलायला श्वासच नसायचा. पण मागून मला दोन आवाज सतत यायचे. एक खोकला आणि दुसरा कागदाचा. दादा श्वास घ्यायचे तेव्हा स्वेटरखालचं वर्तमानपत्र कुरकुरायचं, सोडायचे तेव्हा पुन्हा. त्या कुरकुरीवरून मला त्यांची छाती आज कशी आहे ते समोर बघता बघता कळायचं. संक्रांत झाली की थंडी ओसरते, असं आई सारखं म्हणायची. मी संक्रांतीची वाट बघितली. तिळगूळ वाटून झाले आणि थंडी उलट वाढली. मी देवाला इतकंच म्हणत होते की कायम केलेल्यांच्या याद्या तरी लवकर लावायला सांग. आई दादांना रोज जास्तीचं दूध द्यायची आणि ते प्यायचे नाहीत. ते वाळत चालले होते. कॅरिअरवरचं वजन कमी झालंय हे घरात सगळ्यांत आधी मला समजलं आणि ते मी कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगून काय करायचं होतं?

त्यानंतरच्याच दिवसांतली एक सकाळ. कालव्यावरून, उसातून असं दाट धुकं आलेलं की पुढच्या सायकलचा दिवा नुसता पिवळा डाग दिसत होता. दादांना घरातच धाप होती. आई दारात म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या." दादा कॅरिअरवर बसले. नाल्यापर्यंत ते सारखे खोकत होते. रेसकोर्सपाशी खोकला कमी झाला. स्टेशन जवळ आलं तोवर पूर्ण थांबला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला इतकं बरं वाटलं की मी वेग वाढवला. खोकला थांबला म्हणजे छाती मोकळी झाली, आमच्या घरात सगळे असंच समजत आलो होतो. मग ध्यानात आलं की कागदही वाजत नाहीये. म्हणजे वाजत होता, पण नुसता थरथरल्यासारखा, बारीक बारीक.

"दादा?" मी म्हटलं. माझ्या कमरेवरचा त्यांचा हात घट्ट झाला.

मी स्टेशनच्या पुढे दिव्याच्या खांबाखाली सायकल थांबवली. दादा खांद्याने श्वास घेत होते. खांदे वर जायचे, खाली यायचे आणि आवाज काही नाही. ओठ जांभळट झाले होते आणि इतक्या थंडीत कपाळावर घाम. चाचा पुढे गेले होते ते वळून आले.

"चाचा, यांना दवाखान्यात न्यायला पाहिजे," मी म्हणाले. मोठा सरकारी दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता, मागच्या वळणावर. आणि पुढे संगमाचा पूल, त्यापलीकडे खडकीचा रस्ता.

दादांनी मान हलवली. बोट पुलाकडे केलं.

चाचांनी दादांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुलाकडे. "शकू, मी थांबलो तर दोघांचाबी खाडा होतोय," ते म्हणाले.

"तुम्ही जाऊ नका. मी काय करू ते तरी सांगा."

"मला नको इचारू बेटा." त्यांनी सायकल पुलाकडे वळवली. "माज्या घरातबी खाणारी तोंडं हायेत." एवढं बोलून ते सायकलवर बसले. धुक्यात शिरेपर्यंत ते दोनदा मागे वळून बघत होते. मला त्यांचा राग आला नाही, नंतरही कधी आला नाही. पण इतकं एकटं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही, माझे यजमान गेले तेव्हाही नाही.

"फाटकापातुर... सोड," दादा म्हणाले. दोन शब्दांमध्ये केवढा तरी वेळ गेला. "मग मी... बघतो." आणि ते स्वतःहून पुन्हा कॅरिअरवर बसले. माझ्यावर विश्वास ठेवून बसले. मी सीटवर बसले, पॅडलवर पाय ठेवला आणि हँडल मागे वळवलं.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीत बुक्की मारली. ती लागली नाही, मारायला जोर कुठे होता. मग त्यांनी दोन्ही पाय रस्त्यावर टेकवले आणि घासत नेऊ लागले, सायकल थांबावी म्हणून. एक चप्पल निघून मागे राहिली. तो अनवाणी पाय तरी ते घासतच होते. मी उभी राहून पॅडल मारत होते आणि ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही. मागे माझा बाप मला थांबवायला जितका जोर लावत होता तितका त्याने श्वासाला लावला असता तर, असं आत्ता लिहितानाही मनात येतं आणि हात थांबतो.

दवाखान्यात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. नर्सने स्वेटर वर केला तर आतून कागदांची भिजलेली रद्दी निघाली. तिने ती खालच्या बादलीत टाकली. तरुण डॉक्टर होते. ते हात पुसत म्हणाले, "आणखी थोडा उशीर केला असतात तर आम्हाला काही काम उरलं नसतं." पुण्यात धीरसुद्धा असाच देतात. दादा शुद्धीवर होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचा काटा भोंग्याच्या वेळेवर गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं आणि ते नळीच्या बाजूने उशीवर गेलं. मी बाहेर जिन्यात जाऊन बसले.

रविवारी चाचा आले. पिशवीत बोरं होती. ते खाटेजवळ उभेच राहिले, आईने स्टूल दिलं तरी बसले नाहीत.

"नाव काढलं," ते म्हणाले.

"आन तुजं?" दादांनी विचारलं.

चाचा खाली बघत म्हणाले, "कायम झालो."

"बेस झालं," दादा म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते, त्यांचं तसंच होतं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जाताना चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला.

माझ्याशी दादा बोलत नव्हते. आईला म्हणायचे, "तिला सांग पाणी दे." मी खाटेच्या शेजारीच असायची. ते त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मांजरीच्या बाजूला एका बागेवर दिवसाची राखण केली, ऊन आल्यावर जायचं काम. कायम कधीच झाले नाहीत. माझं लग्न त्यांनी केलं, माझी मुलं खेळवली, माझ्याशी पुढे बोललेही, सगळं बोलले. पण त्या सकाळीबद्दल एक शब्द नाही. तू केलंस ते बरं केलंस असं म्हणाले नाहीत, आणि वाईट केलंस असंही नाही. माझे केस पिकले तरी मी वाट बघत राहिले आणि मग ते गेले.

त्यांना घरी आणलं तो दिवस सांगायचा राहिला. आई पुढे बसने गेली होती, घर झाडून, बंब पेटवून ठेवायला. दादांनीही बसनेच यायचं ठरलं होतं. मी सायकल घेऊन आले होते ती त्यांची पिशवी न्यायला. पण बसला गर्दी होती. एक गेली, दुसरी गेली. लोक धक्के देऊन चढत होते आणि दादा दांडीला हात लावून मागे सरत होते. तिसरी गेल्यावर ते स्टॉपच्या कठड्याला टेकून उभे राहिले. मी सायकल घेऊन समोर उभी. मग ते आले आणि कॅरिअरवर बसले, पण उलटे. तोंड मागे करून, माझ्या पाठीला पाठ लावून. लहान पोरं बसतात तसं. टपरीवरचा एकजण म्हणाला, "आजोबा, गाडीची दिशा चुकली काय?"

दुपारचं ऊन होतं, रस्ता कोरडा होता. दादांना ज्या रस्त्याने खडकीला जायचं होतं तो त्यांच्या डोळ्यांसमोर लांब लांब जात होता आणि मी त्यांना घरी नेत होते. आमच्या दोघांच्या पाठी टेकलेल्या होत्या. त्यांची पाठ फुगायची, उतरायची, सावकाश, मध्ये जराशी अडखळायची आणि पुन्हा फुगायची. नाल्याचा उतार गेला आणि चढ आला. आज पाठीवर ठेवायला कुणाचा हात नव्हता. तो चढ मला बसून कधीच जमला नव्हता, सीटवरून उठून सगळं वजन पॅडलवर टाकलं तरच सायकल वर जायची. उठले असते तर पाठ सुटली असती आणि मागे श्वास चाललाय की नाही ते मला कळलं नसतं. मी बसूनच चढले.